अडतीस युरोंचे टोप, सोळा युरोंचे पाय

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचा कंटाळा आला तरी तुमचे पैसे वाचतील. चर्चमधल्या या बरोक नृत्याला जाणार असाल तर खालच्या खुर्च्या घेऊ नका. वर ऑर्गनशेजारच्या सज्ज्यातलं सोळा युरोंचं तिकीट काढा, गोल जिना चढा आणि कठड्याला टेकून बघा. मी अडतीस युरो मोजून दुसऱ्या रांगेत बसले. शेजारी आई, तिचेही अडतीस. पहिला तासभर आम्ही मायलेकींनी शहात्तर युरोंचे केसांचे टोप बघितले.

कार्यक्रम नेदरलँड्समधल्या उत्रेख्तला होता, एका जुन्या चर्चमध्ये. बरोक नृत्याचा. म्हणजे साधारण सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अठराव्याच्या मध्यापर्यंत फ्रान्सच्या दरबारात आणि पॅरिसच्या ऑपेरात जे नाचलं जायचं, ते. उत्रेख्तला जुन्या संगीताचा मोठा महोत्सव १९८२ पासून भरतो, त्यामुळे गावाला या प्रकाराची सवय आहे. हा कार्यक्रम मात्र त्या महोत्सवातला नव्हता. पाच नर्तक, सहा वादक, शनिवारी संध्याकाळी प्रयोग आणि रविवारी सकाळी हौशी लोकांसाठी तीन तासांची कार्यशाळा. मंडळींचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाचतात उत्तम, आणि माझी तक्रार त्यांच्या नाचाबद्दल नाहीच मुळी.

मी कोण हे सांगायला हवं, नाहीतर ही बाई पाय पाय काय करतेय असं वाटेल. पुण्यात कथक विशारदपर्यंत शिकले, लग्नानंतर इकडे आले, आता आम्स्टलव्हीनला रविवारी अकरा मुलींचा क्लास घेते. आई चौऱ्याहत्तरची, तीन महिन्यांसाठी आली आहे. संगीत नाटकांवर वाढलेली, बालगंधर्वला वर्षानुवर्षं तिकिटं काढलेली. तिला न आवडलेली गोष्ट ती हळू आवाजात सांगत नाही.

चर्चमध्ये रंगमंच असा नव्हताच. दगडी फरशीवर लाकडी फळ्या अंथरल्या होत्या आणि त्यांच्या तीन बाजूंना सपाट जमिनीवर खुर्च्या. निवेदकाने कौतुकाने सांगितलं की दरबारात नाचणारे आणि बघणारे असेच एका पातळीवर असायचे. असतीलही. पण दरबारात राजा दुसऱ्या रांगेत बसत नव्हता. माझ्यापुढे सहा फूट चार इंचांचे एक गृहस्थ होते, आणि डच माणसाच्या मागे बसणं म्हणजे काय हे इथे राहणाऱ्यांना समजवायला नको. मला डाव्या बाजूने अर्धी नर्तकी दिसायची, कमरेच्या वरची. आईला एक पंखा आणि मोराचं पीस.

"पाय कुठायत गं यांचे?" आईने विचारलं. मागच्या रांगेतल्या बाईंनी शुक केलं. मराठी कळत नसूनही त्यांना प्रश्न कळला असावा.

आता हे इतकं का झोंबलं ते सांगते. कथकमध्ये पुढच्याचं डोकं आडवं आलं तरी पाय ऐकू येतात. शंभर-दीडशे घुंगरू बांधलेले असतात, डोळे मिटले तरी ततकार (पायांचे बोल) कळतो. इथे घुंगरू नाहीत, पाय मुके. आणि सगळी कला गुडघ्याच्या खाली. गुडघा किंचित वाकतो, मग घोट्यातून अंग वर उचललं जातं, पाऊल चवड्यावर उतरतं, टाच हळूच टेकते. वाकण्याला प्लिए म्हणतात, उचलण्याला एलव्हे, आणि या दोघांच्या वेगवेगळ्या जोडण्यांतून पावलांची सगळी वर्णमाला तयार होते. हात कोपरापासून आणि मनगटातून वळतात, बहुधा खांद्याच्या वर जात नाहीत. चेहरा शांत. म्हणजे ज्याला पाय दिसत नाहीत त्याला एक सुशोभित माणूस इकडून तिकडे सरकताना दिसतो, बस्स. शेजारचे दोन तरुण मध्यंतराला निघून गेले. बरोक नृत्य रटाळ असतं असं ते आता जन्मभर सांगत फिरतील, आणि त्यांनी ते बघितलेलंच नाही.

पूर्वार्धात एकापाठोपाठ एक सहा नाच झाले. बूरे, गाव्होत, एक साराबांद, आणि 'फोली देस्पान्य', हातात कास्तान्येत, म्हणजे बोटांत धरून वाजवायच्या लाकडी चकत्या, घेऊन. हा एकच नाच खालच्यांना पोचला, कारण तो ऐकू येत होता. कास्तान्येतचे बोलसुद्धा १७०० साली कागदावर लिहून ठेवलेले आहेत, हे ऐकून मी सरसावून बसले. त्या साली पॅरिसमध्ये राऊल-ओजे फोये याने नाच लिहायची लिपी छापली. लिपी मूळची बोशाँ या नृत्यगुरूची, पुस्तक फोयेचं, आणि त्यावरून पुढे व्हायचा तो वादही झाला. पण त्या लिपीमुळेच आज तीनशेहून जास्त नाच पावलापावलानिशी हातात आहेत. आपल्याकडे एवढ्या जुन्या काळातला एक तरी तुकडा असा कागदावर सापडला असता तर मी रोज त्याची पूजा केली असती.

निवेदकाबद्दल मात्र लिहायलाच हवं. गोड माणूस, मखमली कोट, आवाज चांगला. पण तो तीनदा म्हणाला की चौदाव्या लुईने तरुणपणी जे नाचलं तेच आज तुम्ही जसंच्या तसं बघताय. असं कसं? लुई १६५३ साली, चौदा वर्षांचा असताना, उगवत्या सूर्याचा वेष करून रात्रभराच्या बॅलेत नाचला, हे खरं. १६६१ मध्ये त्याने नृत्याची राजमान्य अकादमी काढली, तेही खरं. पण १६७०च्या सुमारास त्याने रंगमंचावर नाचणं सोडलं आणि फोयेचं पुस्तक आलं १७०० मध्ये. तरुण लुईची पावलं त्यात नाहीत. शिवाय या लिपीत पाय आणि जमिनीवरची वाट असते, हात जवळजवळ नसतातच. हात कसे ठेवायचे ते पुढच्या ग्रंथांत वाचायचं, मुख्यतः १७२५ साली आलेल्या प्येर रामोच्या, आणि उरलेलं नाचणाऱ्याने आपल्या समजेने भरायचं. म्हणजे त्या संध्याकाळी आम्ही जे बघितलं त्यातलं निम्मं या पाच जणांचं स्वतःचं होतं. ते सांगितलं असतं तर त्यांचा मान वाढलाच असता. लखनौच्या दरबारात असंच नाचायचे, असं मी माझ्या अकरा मुलींना कधी सांगत नाही. आवडेल सांगायला, पण सांगत नाही.

आईला त्याची एकच गोष्ट आवडली. पॅरिसच्या ऑपेरात १६८१ पर्यंत बायकांच्या भूमिकाही पुरुषच मुखवटा लावून नाचत, आणि त्या वर्षी पहिल्यांदा व्यावसायिक नर्तकी त्या रंगमंचावर आल्या. "म्हणजे त्यांचेही बालगंधर्व होते की!" ती म्हणाली, आणि अडतीसपैकी दहा युरो वसूल झाल्यासारखा तिचा चेहरा झाला.

मध्यंतरात कॉफी साडेतीन युरो, पाणचट. उशी भाड्याने दोन युरो, ती घ्याच, खुर्च्या लाकडी आहेत. टोप घालून फोटो काढायचे दहा युरो. तिथे रांग होती.

मी दारावरच्या मुलीला विचारलं, वर जागा आहे का? ती म्हणाली, आहे की, वर कोणी येतच नाही, सगळ्यांना कलाकारांच्या जवळ बसायचं असतं. चौतीस पायऱ्या, दगडी, मध्यभागी झिजून वाटीसारख्या झालेल्या, धरायला एक जाड दोर. आईचे गुडघे म्हणजे आमच्या घरातला रोजचा विषय. मी म्हटलं, तू खाली बस, मी बघून येते. तर म्हणाली, "खाली बसून काय बघू? त्या माणसाची मान?" दोनदा थांबत, दोर धरत ती वर आली.

वरून पहिला नाच होता 'आर्मीद' या ऑपेरातल्या पासाकाय्यचा. लुलीचं संगीत १६८६चं, नाच पेकूर या नृत्यगुरूने नंतर मादम्वाझेल स्युब्लिन्यी या नर्तकीसाठी बसवलेला, एकटीचा आणि लांबच लांब. पासाकाय्य म्हणजे काय, तर मंद्रातली चार मापांची एक चाल पुन्हा पुन्हा येत राहते, किंचित रूप बदलत, आणि तिच्यावर बाकी सगळं फुलत जातं. मला लहराच आठवला. सारंगीवर तोच लहरा फिरत असतो आणि नाचणारी दर आवर्तनात नवं काही मांडते, तसं. फरक एवढाच की आपण ते एका जागेवर उभं राहून पायांनी मांडतो आणि ही बाई जमिनीवर मांडत होती. आधी सरळ पुढे, मग दोन्ही बाजूंना नागमोडी, मग एक मोठं वर्तुळ जे पुरं होता होता ती मोडते आणि उलट फिरते. सज्ज्यातून फळ्यांवरचा तो सगळा आकार डोळ्यांत साठत जातो. पाऊल पुढे जातं, पण ती कुठून आली ते आपल्याला अजून दिसत असतं.

आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "रांगोळी आहे ही. रांगोळी कोणी मांडी घालून शेजारून बघतं का? उभं राहूनच बघायची असते."

यानंतर मला वेगळं परीक्षण लिहायची खरं तर गरज नाही.

पण उत्तरार्धातल्या नव्या प्रयोगाबद्दल बोलायला हवं, कारण जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात तोच होता, 'आजच्या प्रेक्षकासाठी बरोक'. संगीत झां-फिलीप रामोच्या 'ले झांद गालांत' मधलं. (हा रामो संगीतकार, वरचा नृत्यगुरू, दोघांची गल्लत करू नका.) नावातलं 'झांद' म्हणजे इंडिया, म्हणून आई आशेने पुढे झुकली. पण १७३५ च्या त्या ऑपेरात इंडिया म्हणजे दूरचा कुठलाही देश. तुर्कस्तान आहे, पेरू आहे, इराण आहे, पुढच्या वर्षी जोडलेल्या भागात उत्तर अमेरिका आहे, आपण कुठेच नाही. त्या अमेरिकेच्या भागातला प्रसिद्ध नाच रामोला सुचला तो १७२५ मध्ये पॅरिसला आणलेल्या मूळ अमेरिकन लोकांचं नृत्य बघून. त्याच संगीतावर २०१९ साली पॅरिसच्या बास्तीय ऑपेरात क्रंप हा रस्त्यावरचा नाच नाचणारी मुलं उभी केली गेली, नृत्यदिग्दर्शन बिंतू देंबेले यांचं. तेव्हापासून बरोक आणि रस्त्यावरचा नाच एकत्र आणायचा मोह सगळ्यांनाच होतो. या मंडळींनाही झाला.

त्यांच्या क्रंपच्या मुलाबद्दल माझी काही तक्रार नाही. उलट पाचही जणांत जमिनीशी सगळ्यात घट्ट नातं त्याचंच होतं. तो छाती फेकत पुढे यायचा आणि बरोक शिकलेली मुलगी त्याच मापावर रिगोदों या नाचातली उडी मारून हलकेच उतरायची. दोघांचं वजन एकाच ठोक्यावर उलट दिशांना जायचं, ते फार छान होतं. पण त्यांना स्वतःवर भरवसा नव्हता. मागे पडद्यावर ढग, आगीचे लोळ, मग पॅरिसच्या रस्त्यावरची रहदारी. तेही पुरेसं वाटलं नाही म्हणून तोच प्रकाश नर्तकांच्या अंगावर आणि फळ्यांवर. वरून बघताना पावलं ढगांत हरवली. आणि मला राग आला तो इथे. म्हणजे प्रोजेक्टर होता! पहिल्यापासून होता! वर आमच्या सज्ज्याला एक कॅमेरा बांधून वाटेचं ते चित्र मागच्या पडद्यावर टाकलं असतं, तर खालच्या दोनशे माणसांना हा नाच काय आहे ते कळलं असतं. आजच्या प्रेक्षकासाठी करायची ती गोष्ट ही होती. ढग त्याने पाहिलेले असतात.

शेवटी टाळ्या थांबेनात म्हणून त्यांनी पूर्वार्धातला 'एमाब्ल व्हँकर' पुन्हा केला. कांप्राच्या ऑपेरातली चाल, पेकूरने जोडीसाठी बसवलेला, १७०१ साली छापलेला, त्या काळी तुफान गाजलेला नाच. कार्यक्रमपत्रिकेत याच नाचाचं एक पान छापलं होतं. खाली बसले होते तेव्हा मला ते नुसतं वेलबुट्टीसारखं वाटलं. पानाच्या माथ्यावर सुरावट, खाली दोन रेषा आरशातल्यासारख्या वळत गेलेल्या, रेषांवर माप दाखवणारे आडवे छेद आणि दोन्ही बाजूंना पावलांच्या बारीक खुणा. वाकायचं तिथे तिरकी काडी, वर उचलायचं तिथे सरळ, उडी असली की सरळ काड्या दोन. आता सज्ज्यात पत्रिका कठड्यावर पसरली आणि बोट ठेवलं. जोडी राजाच्या बाजूला तोंड करून उभी, पुरुष डावीकडे, बाई उजवीकडे, कागदावर होती तशीच. दोघं पुढे आली, फुटली, आपापल्या बाजूला वळली. माझं बोट एका रेषेवर, आईचं दुसऱ्या. कागद संपला तिथे त्यांचं पहिलं कडवं संपलं. ही लिपी लिहिणारा माणूस वरूनच बघत होता हो! तो कागदच सज्ज्यातून काढलेला आहे.

रविवारची कार्यशाळा पंचेचाळीस युरो. आम्ही चौदा जण, त्यात दोन आजोबा, एक व्हायोलिन शिकणारी मुलगी, बाकी माझ्यासारख्या चाळिशी उलटलेल्या बायका. आई कडेला बाकावर, थर्मासमधला चहा घेऊन. शिकवणाऱ्या बाई साठीच्या, बेल्जियमच्या, पाठीचा कणा असा की मी माझ्या मुलींना फोटो दाखवला. साथीला एक गृहस्थ पोशेत वाजवत होते. पोशेत म्हणजे कोटाच्या खिशात मावणारं चिंचोळं व्हायोलिन, पूर्वीचे नृत्यगुरू हेच वाजवत शिकवायचे. आमच्याकडे गुरुजी पढंत करतात, म्हणजे बोल तोंडाने म्हणतात, यांच्याकडे खिशातून बाजा काढतात.

पहिली पन्नास मिनिटं नमस्कारात गेली. आधी राजाच्या जागेला, मग जोडीदाराला. बाकीचे वैतागले, मी नाही. कथकची सलामी हेच तर करते. पण तीन तासांत पन्नास मिनिटं जरा जास्तच, हे मान्य.

मग मिन्युएट, जोडीचा नाच. याचं एक पाऊल सहा मात्रांचं, संगीताची दोन मापं मिळून. पाय पडतात १, ३, ४, ५ वर. २ आणि ६ वाकायला. मी मनात लगेच दादरा लावला, धा धिं ना, धा ती ना, आणि तिथेच फसले. कारण वाकायचं सहावर आणि एकवर वर उठायचं. माझं सगळं आयुष्य समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, पाय खाली मारण्यात गेलेलं आहे. बत्तीस वर्षं सम म्हणजे जमीन. इथे सम म्हणजे जमीन सोडणं. दर आवर्तनाला माझा उजवा पाय फळीवर धाप्पकन पडायचा आणि पोशेतवाले गृहस्थ भुवया उंचवायचे. बाई तीनदा जवळ येऊन बोटानेच वर दाखवून गेल्या. चौथ्यांदा बाकावरून आई म्हणाली, "अगं, ती वर म्हणतेय, वर!"

तासाभराने एकदा जमलं. एकदाच. सहावर गुडघे मऊ झाले, एकला अंग आपोआप वर गेलं, आणि पुढची पावलं जणू कोणी दुसरंच टाकत होतं. नंतर त्या ठरलेल्या झेड आकाराच्या वाटेवर सोडलं आम्हाला. (हा आकार आधी एस होता, पेकूरने झेड केला म्हणतात.) दोघांनी समोरासमोरच्या कोपऱ्यांतून यायचं, मध्ये एकमेकांना ओलांडायचं आणि नजर सोडायची नाही. माझे जोडीदार त्या दोघांतले मोठे आजोबा. त्यांना पावलं येत नव्हती, मला सम सुटत नव्हती, पण नजर दोघांनीही सोडली नाही.

जाणाऱ्यांसाठी: लहान टाचेचे, चामड्याच्या तळाचे बूट न्या. मी सवयीने अनवाणी उभी राहिले तर बाईंनी परत पाठवलं, कारण टाचेशिवाय वजन पुढे येत नाही. रबरी तळ वळताना अडतो. जेवणाची सुट्टी नाही, डबा न्या. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखतात, मांड्या नाही, कथकच्या बरोबर उलट.

प्रयोगाबद्दल मी मंडळींना पत्र लिहिलं, कॅमेऱ्याचंही सुचवलं. दोन दिवसांत सभ्य उत्तर आलं. फरशीखाली जुन्या कबरी असल्यामुळे चर्च नाचासाठी उंच मचाण बांधू देत नाही, आणि कॅमेऱ्याचा विचार करू म्हणाले. डिसेंबरच्या प्रयोगाची तिकिटं सुरू झाली आहेत. मी बघितलं तेव्हा पुढच्या दोन रांगा संपल्या होत्या आणि सज्ज्यात सव्वीस जागा होत्या. आता चौदा आहेत. अकरा मुली आणि मी.